ढिगाऱ्याखालून बाहेर आलेला मुलगा : बेनेदेत्तो क्रोचे

तृतीय वर्षाला साहित्यशास्त्राच्या पेपरात क्रोचे आमच्या वाट्याला आला तो सूत्राच्या रूपाने. अंतःप्रज्ञा म्हणजेच अभिव्यक्ती. जे व्यक्त झाले नाही ते मनाला नीट उमगलेलेच नसते. कलेचा व्यवहाराशी, नीतीशी वा तर्काशी घोळ घालू नये. एवढे तीन-चार मुद्दे वहीत उतरवून घेतले की एका मोठ्या प्रश्नाची सोय झाली, असा आम्हां विद्यार्थ्यांचा हिशेब. नावापुढे सन दिलेले होते, १८६६ ते १९५२. या छ्याऐंशी वर्षांत या माणसाचे काय काय झाले, हे विचारावे असे वर्गात कुणाच्या मनात आले नाही. माझ्याही आले नाही.

सरांनी रा. भा. पाटणकरांचे ‘क्रोचेचे सौंदर्यशास्त्र : एक भाष्य’ हे १९७४ सालचे पुस्तक वाचायला सांगितले होते. ते ग्रंथालयात शोधत असता शेजारीच क्रोचेच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर हाती लागले. आर. जी. कॉलिंगवूड या इंग्रज तत्त्वज्ञाने ते १९२७ साली केलेले. पुस्तक लहान आहे म्हणून घेतले, हे कबूल करतो. पण काही पाने उलटली आणि मी ते मिटून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. वयाच्या सतराव्या वर्षी भूकंपात या माणसाचे आई, वडील आणि एकुलती एक बहीण मरण पावली होती, आणि तो स्वतः कित्येक तास ढिगाऱ्यात अडकून पडला होता.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागात काय झाले ते उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. पण माझा मामा त्या पहाटे सतरा वर्षांचा होता. त्याच्याविषयी शेवटी थोडे लिहीन. आधी त्या इटालियन मुलाची हकीगत सांगतो. पुढे तो कितीही मोठा झाला असला तरी या लेखापुरता तो मला मुलगाच वाटतो. म्हणून त्याला अहो-जाहो केलेले नाही.

बेनेदेत्तो क्रोचेचा जन्म २५ फेब्रुवारी १८६६ रोजी इटलीच्या आब्रुझी प्रांतातील पेस्कास्सेरोली या डोंगराळ गावी झाला. घराणे सधन जमीनदारांचे, वास्तव्य नेपल्सला. वडील पास्क्वाले इस्टेटीच्या कारभारात गढलेले, राजकारणापासून चार हात दूर राहणारे. आई लुइझा हिला पुस्तकांचा आणि जुन्या वास्तूंचा नाद होता. मुलाचे बोट धरून ती नेपल्समधली जुनी चर्चे दाखवीत हिंडे, एखाद्या थडग्यापुढे किंवा चित्रापुढे थांबे. गतकाळाविषयीची ओढ आपल्याला तिथे लागली, असे क्रोचे पुढे मानीत असे. शिक्षण पाद्र्यांच्या शाळेत झाले. वाचनाचे वेड लहानपणापासूनचे. शाळेत असतानाच त्याचे काही टीकालेख एका वाङ्मयीन पत्रात छापूनही आले होते. याच वयात त्याची धर्मश्रद्धा डळमळू लागली. पण घरी किंवा मित्रांत त्याने त्याचा पत्ता लागू दिला नाही. एखादे लाजिरवाणे दुखणे लपवावे तशी ती गोष्ट त्याने लपवून ठेवली. मनातले मनातच ठेवण्याची ही सवय ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढे ज्या प्रसंगात आधाराला काहीतरी हवे होते, त्या प्रसंगी श्रद्धाही जवळ नव्हती आणि बोलण्याची सवयही नव्हती.

१८८३ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब इस्किया बेटावरील कासामिच्चोला या गावी हवापालटासाठी गेले. नेपल्सच्या उपसागरातले हे ज्वालामुखीजन्य बेट. मधोमध एपोमेओ हा पर्वत, त्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आणि त्या झऱ्यांवर बांधलेली स्नानगृहे. नेपल्स-रोमचे खाऊनपिऊन सुखी लोक उन्हाळ्यात तिथे येऊन राहत. दोनच वर्षांपूर्वी, ४ मार्च १८८१ रोजी, याच गावाला भूकंपाचा धक्का बसून शंभराहून अधिक माणसे दगावली होती. पण भेगा लिंपल्या गेल्या, भिंती पुन्हा उभ्या राहिल्या आणि पाहुणे पुन्हा येऊ लागले.

२८ जुलै १८८३, शनिवार. रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते. जेवणे आटोपून क्रोचे कुटुंब गच्चीला लागून असलेल्या एका खोलीत बसले होते. वडील पत्र लिहीत होते, मुलगा त्यांच्यासमोर वाचत बसला होता. एका कोपऱ्यात आई आणि बहीण मारिया बोलत होत्या. एवढ्यात जमिनीतून खोल घरघर ऐकू आली आणि त्याच क्षणी घर कोसळू लागले. वडील उठून उभे राहिले आणि बहिणीने आईला मिठी मारली, एवढे त्याला दिसले. तो कसलाही विचार न करता गच्चीकडे झेपावला. ती गच्ची त्याच्या पायांखालीच उघडली आणि त्याची शुद्ध हरपली.

मध्यरात्र उलटल्यावर केव्हातरी त्याला जाग आली. गळ्यापर्यंत तो मातीत पुरलेला होता. वर आकाशात चांदण्या लखलखत होत्या. भोवताली पिवळी माती. हे स्वप्न की काय, तेच त्याला काही वेळ उमजेना. उमजले तेव्हा तो घाबरला नाही, उलट शांत राहिला. फार मोठ्या संकटात माणसे अशी शांत राहतात. जवळच कुठेतरी वडिलांचा आवाज येत होता. स्वतःसाठी आणि वडिलांसाठी तो मदतीला हाका मारीत राहिला. अंग सोडवून घेण्याची खटपट केली, ती साधली नाही. उजाडण्याच्या सुमारास दोघा सैनिकांनी त्याला बाहेर ओढून काढले आणि उघड्यावर एका डोलीत निजवले. बातमी कळताच नेपल्सहून धावत आलेल्या एका चुलतभावाने त्याला आपल्या घरी नेले. वडील, आई आणि बहीण यांचे देह नंतरच्या दिवसांत सापडले. आई आणि बहीण एकमेकींच्या मिठीत होत्या.

त्या रात्री इस्कियावर २,३१३ माणसे मेली. त्यांतली सतराशेहून अधिक एकट्या कासामिच्चोलात. भूकंप फार मोठ्या ताकदीचा नव्हता. पण त्याचा केंद्रबिंदू जमिनीत अगदी वरवर होता, आणि घरे दगडाची, कच्च्या चुन्यात बांधलेली. आपल्याकडे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा थर दिलेली माळवदे यांनी जे केले, तेच तिथे त्या दगडी घरांनी केले. १८८४ साली त्या बेटासाठी बांधकामाचे नवे नियम आले. तरी २१ ऑगस्ट २०१७ रोजी कासामिच्चोला पुन्हा हादरलेच. दोन बळी गेले, आणि ढिगाऱ्यातून तीन लहान भावांना जिवंत काढण्यात आले. त्या मुलांचे फोटो साऱ्या जगाने पाहिले.

क्रोचेचा उजवा हात कोपरात मोडला होता आणि उजव्या मांडीचे हाड एकाहून अधिक ठिकाणी तुटले होते. इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. १९०२ साली त्याने आपल्या आयुष्याविषयी काही टिपणे लिहून ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. त्यांत तो सांगतो, की या जखमांच्या वेदना त्याला फारशा जाणवल्याच नाहीत. एवढेच नव्हे, तर या आपत्तीत आपल्यालाही काही इजा झाली याचे त्याला एक प्रकारे समाधानच वाटत होते. सगळ्यांत आपण एकटेच वाचलो ही बोच त्याला होती. आपण कायमचे पांगळे होऊ की काय, याची त्याला पर्वा नव्हती.

वाचलेल्या माणसाला वाचल्याबद्दल अपराधी वाटते, ही गोष्ट आज मानसशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. १८८३ साली तिला नाव नव्हते. मोडलेल्या हाडांवर उपचार झाले, कारण हाडे मोडलेली दिसत होती. दुसरे जे मोडले होते ते कुणाला दिसत नव्हते, आणि ते दाखवता येण्याजोगे शब्द त्या मुलाजवळही नव्हते. जो आपल्या मोडलेल्या पायाकडे दिलासा म्हणून पाहतो, त्याच्या मनात काय चालले असेल, हे ओळखण्याइतका वेळ तरी भोवतालच्या घाईगर्दीत कुणाला असणार?

पाठचा भाऊ आल्फोन्सो वाचला होता. आता या मुलांना सांभाळायचे कुणी, हा प्रश्न आला. सिल्व्हियो स्पाव्हेंता हे वडिलांचे आतेभाऊ. रोममधले नामांकित राजकारणी, तरुणपणी बूर्बों राजवटीत अनेक वर्षे कैद भोगलेले. तत्त्वज्ञ बेर्त्रांदो स्पाव्हेंता हे त्यांचे बंधू. या शाखेशी क्रोचेच्या घराचे संबंध फारसे जिव्हाळ्याचे राहिलेले नव्हते. तरीही सिल्व्हियो यांनी मुलांना आपल्या घरी घेतले. ही त्यांची थोरवी मानली पाहिजे.

त्या घरात राजकारणी, प्राध्यापक, पत्रकार यांची सतत ये-जा असे. चर्चा झडत. पण हा मुलगा त्या सगळ्यात असून नसल्यासारखा असे. आपल्या वयाच्या मुलांत तो मिसळत नव्हता, करमणुकीत भाग घेत नव्हता. रोम विद्यापीठात त्याने कायद्यासाठी नाव घातले, पण तासांना तो फारसा बसला नाही आणि परीक्षा एकही दिली नाही. विसाव्या शतकातल्या या मोठ्या पंडिताला पदवी नव्हती, ही गंमत म्हणून सांगितली जाते. त्यामागचे कारण मात्र गमतीचे नाही. दिवसचे दिवस तो ग्रंथालयांत, विशेषतः कासानातेन्से या जुन्या ग्रंथालयात, आपणच नेमलेल्या विषयांवर टिपणे काढीत बसे. माणसांपेक्षा कागदांची सोबत त्याला सोसत होती.

ही दोन-तीन वर्षे आपल्या आयुष्यातली सर्वांत काळोखी होती, असे त्याने पुढे स्पष्ट लिहिले. रात्री उशीवर डोके टेकताना सकाळी जाग येऊच नये असे त्याला पुष्कळदा वाटे. आत्महत्येचे विचारही त्याच्या मनात येऊन गेले. शरीराला कोणताही एक नेमका रोग नव्हता, पण सगळेच रोग असल्यासारखे वाटे. कशासाठी जगायचे आणि कोणत्या वाटेने जायचे, यांपैकी काहीच दिसत नव्हते. आपले तारुण्य सुरू होण्याआधीच संपले, अशी त्याची खात्री झाली होती. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, खाण्यापिण्याला कमी नाही, राहायला मोठे घर, हाताशी पुस्तके. आणि मनाची ही स्थिती. बाहेरून पाहणाऱ्याला तो फार तर अबोल, अभ्यासू आणि थोडा विक्षिप्त वाटला असेल.

या काळोखातून तो बाहेर कसा आला? एखाद्या दिवशी काही चमत्कार घडला आणि तो बरा झाला, असे झालेले नाही. त्याच्या सांगण्यावरून दोन-तीन गोष्टी मात्र दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे एक प्राध्यापक. आंतोनिओ लाब्रिओला हे रोम विद्यापीठात नीतिशास्त्रावर व्याख्याने देत. ते स्पाव्हेंतांच्या घरीही येत असत. क्रोचे त्यांच्या व्याख्यानांना जाऊ लागला. हेर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या आधाराने लाब्रिओला मांडत होते, की जे आहे आणि जे असायला हवे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जे असायला हवे त्याचे मोल जगात काय घडते यावर अवलंबून नसते. आपल्याला परीक्षेपुरती वाटणारी ही कल्पना. पण ज्याचे सगळे जग काही सेकंदांत कोसळले होते आणि ज्याची देवावरची श्रद्धा आधीच गेली होती, त्याला कुणीतरी सांगत होते, की जग कोसळले तरी कर्तव्य, चांगुलपणा या गोष्टी कोसळत नाहीत. तो ती व्याख्याने मनात घोळवीत असे, त्यांतली मुख्य विधाने स्वतःशी पुन्हापुन्हा म्हणत असे. व्याख्यानाच्या खोलीत बसलेल्या एका मुलाला आपण जगण्याचे कारण देत आहोत, हे लाब्रिओलांना त्या वेळी कळले असेल की नाही कोण जाणे. आमच्या प्राध्यापकवर्गाने हे वाचावे म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरी गोष्ट म्हणजे परतणे. १८८६ साली तो रोम सोडून नेपल्सला आला. जिथे आईचे बोट धरून तो हिंडला होता ते हे शहर. इथे त्याच्याभोवती जुन्या कागदपत्रांचे शोधक, ग्रंथपाल, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक अशी साधी, कामात रमणारी माणसे जमली. पुढची पाच-सहा वर्षे त्याने नेपल्सची नाट्यगृहे, १७९९ ची क्रांती, विस्मृतीत गेलेली माणसे यांच्या मागे घालवली. नाट्यगृहांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८९१ साली निघाला. या दप्तरी कामाला पुढे तो स्वतःच थोडे कमी लेखू लागला. मला मात्र वाटते, की या कामाने त्याला उभे केले. गाडले गेलेले काहीतरी रोज थोडे थोडे, हाताने, काळजीपूर्वक बाहेर काढायचे. हे काम त्याने निवडले यात मला नवल वाटत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, पण ती टाळणे खोटेपणाचे होईल. त्याच्याजवळ पैसा होता. वडिलोपार्जित इस्टेटीमुळे त्याला पोटासाठी नोकरी करावी लागली नाही. विद्यापीठाची प्राध्यापकी त्याने कधीच केली नाही. मन थाऱ्यावर यायला लागणारी वर्षे त्याला विकत घ्यावी लागली नाहीत. त्याच रात्री कासामिच्चोलात पोरकी झालेली इतर मुले, स्नानगृहांत राबणाऱ्यांची, कोळ्यांची, शेतकऱ्यांची मुले, यांना ही सवलत नव्हती. त्यांची आत्मचरित्रे आपल्या ग्रंथालयात नाहीत.

पुढचे आयुष्य सर्वांना कमी-अधिक माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८९३ साली इतिहास हा कलेच्या कोटीत येतो असे मांडणारा निबंध त्याने वाचला आणि तो तत्त्वज्ञानाकडे वळला. १९०२ साली ‘सौंदर्यशास्त्र’ हा ग्रंथ आला. १९०३ पासून ‘ला क्रितिका’ हे नियतकालिक त्याने जोव्हान्नी जेंतीलेच्या सहकार्याने सुरू केले आणि चार दशकांहून अधिक काळ चालवले. १९१० साली तो सिनेटर झाला, १९२०-२१ मध्ये शिक्षणमंत्री. फॅसिझमला ओळखण्यात त्याची आधी चूक झाली. १९२४ सालीही त्याने सिनेटमध्ये मुसोलिनीच्या बाजूने मत दिले. पण १९२५ साली फॅसिस्ट विचारवंतांच्या जाहीरनाम्याला उत्तर देणारा जाहीरनामा त्यानेच लिहिला. १९२६ साली त्याच्या घरावर फॅसिस्टांचा हल्ला झाला. तरी तो देश सोडून गेला नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन त्याला पळवून नेतील या भीतीने त्याला सोरेंतोहून काप्री बेटावर हलवण्यात आले. म्हणजे साठ वर्षांनी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, जीव वाचवण्यासाठी तो त्याच उपसागरातल्या दुसऱ्या एका बेटावर होता. १९४६ साली त्याने नेपल्समधल्या आपल्या राहत्या वाड्यात तरुण अभ्यासकांसाठी इतिहास-संशोधनाची संस्था स्थापन केली. २० नोव्हेंबर १९५२ रोजी त्याचा मृत्यू झाला.

या सगळ्यात ती रात्र कुठे गेली? ती गेली नाही. ज्या वर्षी ‘सौंदर्यशास्त्र’ प्रसिद्ध झाले त्याच १९०२ साली त्याने भूकंपाची ती टिपणे लिहिली. म्हणजे एकोणीस वर्षे लागली. १३ जानेवारी १९१५ रोजी त्याच्या जन्मप्रांताला, आब्रुझीला, भीषण भूकंपाने ग्रासले. सुमारे तीस हजार माणसे मेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याने आपले छोटेखानी आत्मचरित्र लिहिले. त्यात तो सांगतो, की तरुणपणातली ती व्याकुळता पुरती नाहीशी झाली नाही. आधी ती हिंस्र होती, नंतर तिच्याशी राहायला तो शिकला. १९१३ साली वीस वर्षांची सोबतीण आंजेलीना झांपानेल्ली हिच्या मृत्यूने ती पुन्हा उफाळली. १९१४ साली आदेले रोस्सीशी त्याचा विवाह झाला, मुली झाल्या, घर भरले. बरे होणे याचा अर्थ दुःखाचा मागमूस न उरणे असा असेल, तर क्रोचे कधीच बरा झाला नाही. पण तो जगला, त्याने काम केले, आणि त्याला माणसे जोडता आली.

१९२२ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक टिपणांच्या संग्रहात त्याचा मृतांविषयी एक छोटा लेख आहे. आपली माणसे गेल्यावर आपण काय करायचे, असा त्याचा प्रश्न. सुरुवातीचे दुःख हे वेडासारखे असते, असे तो मानतो. जे घडले ते घडलेच नाही असे मन करू पाहते. मग माणूस ते दुःख कोणत्या ना कोणत्या रूपात बाहेर आणतो. कुणी रडून, कुणी विधी करून, कुणी स्मारक बांधून, कुणी लिहून. ते बाहेर आले की त्याच्याकडे पाहता येते, आणि पाहता येऊ लागले की माणूस त्याच्या तावडीतून हळूहळू सुटतो. मग मृतांचे अपुरे राहिलेले काम पुढे नेणे, एवढेच शिल्लक राहते.

हे वाचले आणि मला वहीतले सूत्र आठवले. जे व्यक्त झाले नाही ते मनाला उमगलेले नसते. परीक्षेसाठी पाठ केलेल्या या ओळीत गळ्यापर्यंत पुरलेला मुलगा आहे, असे मला त्या दिवशी वाटले. अर्थात इथे सावध राहिले पाहिजे. ग्रंथकर्त्याच्या आयुष्यातल्या घटनांवरून त्याच्या कृतीचा अर्थ लावू नये, असे स्वतः क्रोचेच बजावतो. कवी म्हणून असलेले व्यक्तिमत्त्व आणि व्यवहारातले व्यक्तिमत्त्व त्याने कटाक्षाने वेगळे ठेवले. तेव्हा भूकंपामुळे अभिव्यक्तीचा सिद्धांत जन्मला असे मी उत्तरपत्रिकेत लिहिले तर सर गुण कापतील, आणि ते योग्यच होईल. मी एवढेच म्हणतो, की ज्याने तो सिद्धांत मांडला त्याला न बोललेल्या दुःखाचे वजन ठाऊक होते.

आज आपल्याला पुष्कळ अधिक कळते. अशा आघातानंतर येणाऱ्या मनोविकाराला १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळाले. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. त्यानंतर दीड वर्षाने ग्यूमरी शहरातल्या काही शाळांत किशोरवयीन मुलांना गटात आणि एकेकट्याने बोलते केले गेले. त्या दिवसाच्या, आणि गेलेल्या माणसांच्याही, आठवणींवर काम झाले. पुढे तपासले तेव्हा या मुलांचा त्रास कमी झालेला दिसला. ज्यांना ही मदत मिळाली नाही त्यांची खिन्नता वाढली होती. वेळ सगळे बरे करते, या आपल्या समजुतीला हे धरून नाही. क्रोचेला अशी मदत कुणी दिली नाही. त्याने ती पुस्तकांतून, एका शिक्षकाकडून आणि जुन्या शहराच्या दप्तरांतून स्वतःच गोळा केली. प्रत्येकाला ते जमेलच असे नाही.

आमच्या भागातही मुले पोरकी झाली. त्यांतल्या सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. रोमला गेलेल्या त्या मुलासारखीच तीही एकाएकी अनोळखी मुलखात गेली. माझा मामा मात्र गावातच राहिला.

त्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून तो मित्राबरोबर परस्पर शेतात राखणीला गेला. जेवायला घरी ये, असे आजीने सांगितले होते. तो गेला नाही. आजी, आजोबा आणि धाकटा मामा माळवदाखाली गेले. माझी आई शिक्षणासाठी मावशीकडे होती म्हणून वाचली. मामाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. आधी पत्र्याच्या शेडमध्ये, नंतर नव्या गावठाणातल्या घरात त्याने संसार केला, माझ्या आईचे लग्न लावून दिले. पण घराच्या आत तो अजून झोपत नाही. पाऊस असला तर पडवीत, नाहीतर अंगणात. विसर्जनाच्या मिरवणुकीला तो जात नाही. त्या रात्रीविषयी तो बोलत नाही, आणि त्याला विचारायचे नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम आहे. तो तऱ्हेवाईक आहे, अशीच आम्हा मुलांची समजूत होती.

दिवाळीच्या सुटीत मी त्याला अंगणात बसून क्रोचेची गोष्ट सांगितली. सौंदर्यशास्त्र वगळून, फक्त त्या मुलाची. पाय मोडल्याचे त्याला समाधान वाटले, इथे आलो तेव्हा मामा सुपारी कातरता कातरता थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एकच विचारले, की नंतर तो पोरगा राहिला कुणाकडे? मी सांगितले, वडिलांच्या नात्यातल्या एका गृहस्थांकडे, रोमला. तिथे त्याला कुणी काही विचारत होते का, असे त्याने पुढे विचारले. एका मास्तरांची व्याख्याने तो ऐकायला जाई, एवढे मी सांगितले. मामाने मान हलवली आणि उठून बैलांना वैरण टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसला आणि त्या रात्री आपण कुठल्या शेतात होतो, पहाटे गावाकडे पळत येताना काय दिसले, हे सांगू लागला. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनेही ते पहिल्यांदाच ऐकले. त्याने जे सांगितले ते त्याचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही. त्या रात्रीही तो अंगणातच झोपला. मी माझे अंथरूण त्याच्या शेजारी घातले.

आपल्या वर्गात, वसतिगृहात शेजारच्या खाटेवर, असा एखादा मुलगा असू शकतो. भूकंपातला नसेल, पुरातला असेल, अपघातातला असेल, घरातल्या कुणाच्या आत्महत्येतला असेल. तो अबोल असेल, तासांना बसत नसेल, परीक्षा देत नसेल. त्याला आळशी किंवा विक्षिप्त ठरवण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन बसावे, एवढे मी क्रोचेकडून शिकलो. पेपरात त्याच्यावर प्रश्न आला तर उत्तर मी पूर्वीसारखेच लिहीन; पण लिहिताना गळ्यापर्यंत मातीत पुरलेला आणि चांदण्यांकडे पाहणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे असेल.